काळी तार काळीशेजारी

नफीसभाईनं गोणपाटावर ओतलेल्या ढिगातून
मी एक बोर्ड उचलला, फुंकर मारली, उजेडाकडे धरला.
"ताई, सोनं काढणारे किलोनं नेतात," तो म्हणाला,
"तुम्ही एकेक काय निवडून राहिल्या?"
मला फोर-एट-सिक्स हवा होता, कपॅसिटर न फुगलेला.
सियागंजच्या मागच्या गल्लीत हे सांगणं अवघड.

नियम माझाच: साल पंच्याण्णव, त्यापुढचं काही नाही.
सत्त्याण्णवचा माउस परत केला.
भाचा म्हणाला, मावशी, तपासणार कोण आहे?
मी. मीच तपासायची,
जेल रोडला, लालवाणींच्या दुकानात, जिन्याखालच्या टेबलावर,
दिवसाला तीन मशीन जोडायची, चौथं रात्रभर चालू ठेवायची.
गिऱ्हाईक आत यायचं, माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघायचं
आणि विचारायचं, "इंजिनियर कहाँ है?"
पाणी प्यायला गेलेत, मी म्हणायची.
सहा वर्षं तो पाणी पीत होता.

कॅबिनेट पिवळं पडलेलं, तंबाखूच्या दातांसारखं.
पेरॉक्साइड फासून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून
वैशाखात गच्चीवर ठेवलं.
झंवरकाकूंनी कठड्यावरून विचारलं, "पापड डाले क्या?"
हो म्हटलं. साबुदाण्याचे.
दोन उन्हांत उजळलं. फक्त एका कोपऱ्यात,
कधीकाळी कुणी चिकटवलेल्या स्टिकरच्या जागी,
अजून पांढरा एक गणपती निघाला,
सोंडेसकट.

पॉवरच्या दोन जुड्या बोर्डात खुपसताना
ओठ आपोआप हलले: काळी तार काळीशेजारी.
उलटं झालं की बोर्ड जातो. धूरही फार येत नाही,
बारीकसा वास येतो, आणि मग शेठचा आवाज.
मी एकदाच केलं ते. पगारातून चार हप्ते.
रिबनची लाल कड पिन एककडे.
रॅम तिरपी घालायची, मग उभी करायची: कट्ट.
चष्म्याचे नंबर बदलत गेले,
बोटांना कुणी कळवलं नाही.

पॉवर सप्लायच्या पोटाशी एक डागाळलेलं स्टिकर.
वॉरंटी एक वर्ष. सील तोडल्यास जबाबदारी नाही.
तारीख बारा आठ पंच्याण्णव. खाली सही: वि. टेंबे.
टेंबे म्हणजे मी, लग्नाआधीची.
स्वतःचं काम भंगारातून
दोनशे ऐंशीला विकत आणलं होतं मी,
तेही घासाघीस करून.
सील शाबूत होतं.
इतक्या वर्षांत कुणाला उघडावं लागलं नाही,
की कुणी उघडण्याइतकं विचारलंच नाही,
हे स्टिकरवरून कळत नाही.
कपॅसिटर बघायचे होते.
नखानं तोडलं. जबाबदारी नाही.

पहाटे, नर्मदेचं पाणी यायच्या आधी,
मोठं बटण दाबलं.
पंखा खोकला. डिस्क चरचरली.
पडद्यावर मेमरी मोजली जाऊ लागली,
बँकेतल्या खिडकीवरच हटून नोटा मोजणाऱ्या म्हाताऱ्यासारखी,
मागच्या रांगेची पर्वा न करता.
मग तारीख विचारली. बॅटरी मेलेली,
त्याच्या लेखी एक जानेवारी ऐंशी.
त्या दिवशी मी आठ वर्षांची, रामबागेत,
रेडिओचं मागचं झाकण काढलं म्हणून मार खात असेन.

आजची तारीख घातली.
वाटलं, अडेल, कुरकुरेल.
त्यानं निमूट मानली,
आणि बरं, पुढे? अशी
एक रेघ लुकलुकत ठेवली.

मला काही सुचेना.
मशीन नेहमी दुसऱ्या कुणासाठी असायचं.
चालू झालं की बंद करायचं, थर्माकोल लावून खोक्यात.
रेघ लुकलुकत होती. मी खुर्ची ओढून बसले.
नळ खाकरला.
बादली लावून परत आले, झाकण बसवलं.

एक स्क्रू उरला.
तेव्हाही उरायचा.